काट्यामागची बुरशी

परभणीच्या काळ्या रानात अनवाणी राबणाऱ्याला बाभळीचा काटा नवा नाही. पण कधी अशाच जखमेतून बुरशी आत शिरते, पाऊल सुजते, भोके पडून काळे दाणे गळू लागतात. ही करणी नव्हे, बुरशीच, हे ठामपणे मांडले डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. जन्म इंग्लंडातला, १८३१ चा. १८५८ साली ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन झाले. ग्रे यांचा जगप्रसिद्ध शरीररचनेचा ग्रंथ १८५८ चाच. त्यातली चित्रे कार्टरांची. पण पैसे एकदाच, रॉयल्टीचा छदाम नाही! बँकेत हयात गेलेल्या मला हा व्यवहार अजून खटकतो. शीर्षकपानावरचे त्यांचे नावही ग्रे यांनी लहान करवले. या बुरशीरोगावरचा १८७४ चा ग्रंथ मात्र सर्वस्वी कार्टरांचा.