तीस रुपयांची नोकरी

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम् हे दक्षिणेतील एक प्राचीन क्षेत्र. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन् ह्यांचे बालपण ह्याच गावी गेले. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे, आजोळी झाला. वडील एका कापडाच्या दुकानात कारकून होते. मिळकत बेताची, आणि त्या मिळकतीवरच घराचा सारा भार.

शाळेत रामानुजन् ह्यांची बुद्धी सर्वांच्या नजरेत भरली. १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून ते कुंभकोणम्‌च्या कॉलेजात दाखल झाले. परंतु तत्पूर्वीच कार नावाच्या इंग्रज लेखकाचा एक ग्रंथ त्यांच्या हाती आला होता. त्यात हजारो गणिती सिद्धांत अगदी थोडक्यात मांडलेले होते. ते पडताळून पाहण्यात व नवे शोधण्यात रामानुजन् असे गढून गेले, की इतर विषयांकडे पाहण्याचे त्यांना भानच राहिले नाही. परिणामी शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासेस जाऊन त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पण १९०६ व १९०७ अशा दोन्ही वर्षी एफ. ए.च्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले.

१९०९ साली जानकी ह्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. आता चरितार्थाची सोय करणे भाग होते. परंतु पदवी नाही, कचेरीतील कामाचा अनुभव नाही, कोणा अधिकाऱ्याची ओळख नाही. अशा तरुणास नोकरी कोण देणार? जवळ होत्या त्या केवळ गणिताच्या वह्या. कागद महाग, म्हणून ते पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने ती पुसून टाकीत आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवून ठेवीत.

१९१० साली त्या वह्या घेऊन ते तिरुकोइलूर येथे रामस्वामी अय्यर ह्यांच्या भेटीस गेले. रामस्वामी हे डेप्युटी कलेक्टर असून भारतीय गणित मंडळाचे संस्थापक होते. रामानुजन् ह्यांनी कचेरीतील एखादी साधी कारकुनी मागितली. रामस्वामींनी वही चाळली आणि ते थक्क झाले. असल्या बुद्धीला तालुक्याच्या दप्तरात कोंडणे त्यांना अन्यायाचे वाटले. त्यांनी जागा दिली नाही. मात्र मद्रासमधील गणितज्ञांच्या नावे पत्रे दिली.

पुढे नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव ह्यांची गाठ पडली. आरंभी त्यांना संशय वाटला. परंतु रामानुजन् जसजसे समजावून सांगू लागले, तसतसा तो मावळला. त्यांनी काही काळ रामानुजन् ह्यांचा खर्च स्वतः चालविला. १९११ साली रामानुजन् ह्यांचा पहिला संशोधनलेख गणित मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तथापि दुसऱ्यावर फार दिवस भार टाकणे त्यांच्या स्वाभिमानी मनास रुचेना.

१९१२ च्या आरंभी त्यांनी एका सरकारी हिशेब कचेरीत काही आठवडे हंगामी काम केले. नंतर ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकुनाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. आपले शिक्षण अपुरे राहिल्याचे त्यांनी त्यात लपविले नाही. आपला वेळ गणिताच्या अभ्यासात गेला असून हे काम आपण नीट पार पाडू, एवढेच त्यांनी नम्रपणे लिहिले. प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट ह्यांचे शिफारसपत्र त्यांना मिळाले होते. १ मार्च १९१२ रोजी रामानुजन् नोकरीवर रुजू झाले. पगार होता दरमहा ३० रुपये!

पगार अल्प होता. पण त्याने मनाला निश्चिंती दिली. कचेरीतील वरिष्ठ नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार होते. त्यांनी व ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग ह्यांनी ह्या कारकुनाची योग्यता ओळखून त्याला उत्तेजन दिले. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन् ह्यांनी केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी ह्यांना पत्र लिहिले व त्यासोबत आपले अनेक सिद्धांत धाडले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१४ साली ते इंग्लंडला गेले आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे प्रकृती ढासळून ते मायदेशी परतले. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रामानुजन् ह्यांच्यापाशी दाखवावयास प्रमाणपत्र नव्हते. होते ते वर्षानुवर्षे एकनिष्ठेने केलेले काम. नोकरी मिळावी म्हणून त्यांनी त्या वह्या लिहिल्या नव्हत्या. परंतु कठीण प्रसंगी त्याच त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. आणि दाराशी आलेल्या अनोळखी तरुणास परत न पाठविता ज्यांनी त्याची वही उघडून पाहिली, त्या माणसांचे ऋणही जगाने विसरू नये.