नावाचा पामर!

‘टेनिस एल्बो’ हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोचला तो २००४ साली, सचिनच्या कोपरामुळे. मे २००५ मध्ये लंडनला त्याचं ऑपरेशनही झालं. आपल्या हॉस्टेलवर टेनिस खेळणारा शोधावा लागेल, पण कोपर चोळत बसलेले दर मजल्यावर सापडतात! कुणाचं वर्कशॉपमधल्या फायलिंगने दुखतं, कुणाचं माउसने, कुणाचं बॅडमिंटनने. मग सल्ले सुरू होतात. त्यात हल्ली एक सल्ला हमखास असतो : कायरोप्रॅक्टरकडे जा, मानेत ‘कट्’ असा आवाज येईल आणि हात मोकळा! हा प्रकार आला कुठून, या कुतूहलापोटी मी त्याच्या जनकाची माहिती काढली. आडनाव पामर, पण स्वभाव मुळीच पामर नाही.

डॅनियल डेव्हिड पामर ७ मार्च १८४५ रोजी कॅनडातल्या ओंटारिओत जन्मला. १८६५ मध्ये अमेरिकेत आला. तिथे तो शाळामास्तर झाला, त्याने मधमाश्या पाळल्या, रासबेरी पिकवल्या, किराणा दुकानही चालवलं. वैद्यकीय पदवी मात्र कुठलीच नाही. चाळिशी उलटल्यावर हाताच्या ‘चुंबकीय शक्ती’ने रोग बरे करण्याच्या धंद्यात तो शिरला आणि आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी बस्तान बसवलं.

१८ सप्टेंबर १८९५ हा त्याच्या आयुष्यातला मोठा दिवस. त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वी लिलार्डला १७ वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकलं आणि तेव्हापासून हे झालं, असं लिलार्डचं म्हणणं. पामरने पाठ चाचपली, वर आलेला मणका बोटांना लागला, तो त्याने दाबून बसवला. पामरच्या सांगण्याप्रमाणे लिलार्डला ऐकू येऊ लागलं. पुढे सॅम्युएल वीड या पाद्री मित्राने ‘हात’ आणि ‘क्रिया’ या अर्थाचे ग्रीक शब्द जोडून ‘कायरोप्रॅक्टिक’ हे नाव सुचवलं. काही वर्षांतच पामरची शाळाही सुरू झाली.

इथपर्यंत मला हा माणूस आवडतो. दुखणाऱ्या माणसाला हात लावून, चाचपून बघणं ही काही लहान गोष्ट नाही. आपल्याकडेही हाडवैद्य आहेत, आणि पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेणारेही आहेत.

पण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पुढची उडी खटकते. एका केसवरून पामरने नियम काढला, की शंभरातले ९५ रोग सरकलेल्या मणक्यांमुळेच होतात. एका रीडिंगवरून ग्राफ काढला तर आपले सर जर्नल फेकून देतात! शिवाय ऐकण्याची नस कवटीच्या आतूनच मेंदूत जाते, पाठीच्या मणक्यांतून ती जातच नाही. गंमत म्हणजे राँटगेनने क्ष-किरण शोधले ते त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला. म्हणजे मणका बसवला तेव्हा आत बघायचं साधनच नव्हतं. ते हाती आल्यावर तरी सिद्धान्त तपासायला हवा होता. तो सिद्धान्त आजवर सिद्ध झालेला नाही.

१९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पामरला तुरुंगात जावं लागलं. शेवटी दंड भरून तो सुटला. शाळा मुलाच्या, बी. जे. पामरच्या, ताब्यात गेली आणि बापलेकांचं फाटलं ते फाटलंच. १९१० मध्ये त्याने जाडजूड ग्रंथ काढला. रोगजंतूंचं शास्त्र आणि लसीकरण त्याला मान्य नव्हतं. २० ऑक्टोबर १९१३ रोजी लॉस एंजेलिसला, वयाच्या ६८ व्या वर्षी तो गेला, आणि गेला तो टायफॉइडने. हे वाचून मला हसू आलं नाही, वाईट वाटलं. हातात कसब होतं, पण एकाच कारणाचा हट्ट सुटला नाही.

आता आपल्या कोपराकडे येऊ. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका कंडरेने जोडलेले असतात. तोच भार पुन्हा पुन्हा पडला की ती कंडरा झिजते. ‘लॉन टेनिस एल्बो’ हे नाव १८८३ मध्येच छापून आलं होतं. बिघाड कोपरात असेल तर मान मोडून काय साधणार? उलट मानेच्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघातही होऊ शकतो.

म्हणजे हाताचे उपचार सगळेच फोल का? तसंही नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातला १९८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना स्टिरॉइडचं इंजेक्शन, काहींना कोपरावर हाताचे उपचार आणि व्यायाम, तर काहींना नुसता सल्ला आणि वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे होते, पण वर्षअखेरीस तेच मागे पडले. हाताचे उपचार आणि व्यायाम घेणारे सुरुवातीला वाट पाहणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारले. वर्षानंतर मात्र त्या दोघांत फारसा फरक उरला नाही!

थोडक्यात काय, तर कायरोप्रॅक्टर असो वा फिजिओथेरपिस्ट, तो कोपर तपासतो का, व्यायाम शिकवतो का आणि कामाची पद्धत बदलायला सांगतो का, हे बघा. टेबलाच्या कडेवर हात पालथा ठेवून, हलकं वजन धरून मनगट सावकाश खाली सोडणं हा त्यातला नेहमीचा व्यायाम. बोटं बधिर होत असतील, पडून लागलं असेल किंवा कोपर सुजून ताप आला असेल, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

आणि कुणी सगळ्या दुखण्यांवर एकच कारण, एकच इलाज सांगू लागला, तर बिचाऱ्या पामरची आठवण ठेवा.