कै. डॉ. आनंदीबाई जोशी : प्रमाणपत्रावाचून उघडलेले द्वार

ज्ञातीतील थोर व्यक्तींची चरित्रे स्मरणिकेत देण्याचा आमचा परिपाठ आहे. यंदा आम्ही वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय महिला आनंदीबाई जोशी यांचे स्मरण करीत आहोत. त्यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्यात क्वचितच असेल. परंतु शाळेचा कोणताही दाखला हाती नसता त्या वैद्यक महाविद्यालयात कशा पोचल्या, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह पोस्ट खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, स्वभावाने हट्टी, पण पत्नीस शिकविण्याच्या ध्यासाने झपाटलेले होते. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला व तो अवघ्या दहा दिवसांत गेला. योग्य औषधोपचार मिळता तर मूल वाचते, ही जाणीव त्यांच्या मनात खोल रुजली. डॉक्टर होण्याच्या संकल्पाचे बीज तेथे आहे.

परंतु मार्ग कोणता? मद्रासचे वैद्यक महाविद्यालय १८७५ पासून स्त्रियांना घेऊ लागले होते. तो अपवाद वगळता देशात हे द्वार स्त्रियांना बंदच होते. १८८० साली गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनरी गृहस्थास लिहिलेले पत्र तेथील मासिकात छापून आले. ते न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले आणि त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी आश्रय देऊ केला.

हा बेत प्रकट होताच स्वकीयांनी विरोध केला, आणि त्यात आपली ज्ञातीही होती. आज त्यांचे चरित्र अभिमानाने छापताना आम्ही हे झाकून ठेवू इच्छित नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील सभेत आनंदीबाईंनी आपला हेतू स्वतः निर्भयपणे मांडला, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा निश्चय जाहीर केला. त्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या.

फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यक महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले होते. तेथे अर्ज करताना आनंदीबाईंपाशी दाखविण्यासारखे होते ते घरी झालेले अध्ययन व भाषांचे ज्ञान. रसायन वा शारीरशास्त्र यांतील परीक्षा त्यांनी दिलेली नव्हती. आपले शिक्षण अपुरे असल्याचे त्यांनी लपविले नाही. ज्ञातीच्या व मित्रांच्या विरोधास न जुमानता आपण इतक्या दूर आलो, पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या भगिनींसाठी आलो, हा निर्धारच पात्रतेच्या बाजूने मोजावा, अशी त्यांची विनंती होती. प्रमुख रेचेल बॉडले स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. महाविद्यालयाने प्रवेश दिला व शिष्यवृत्तीही दिली.

येथे एक गोष्ट तरुणांनी नीट ध्यानी घ्यावी. सवलत मिळाली ती उंबरठ्यावर, परीक्षेत नव्हे. रसायन, शारीर, औषधिविज्ञान हे विषय त्यांना परक्या भाषेत प्रारंभापासून आत्मसात करावे लागले. कडाक्याची थंडी, शाकाहाराचा नियम व ढासळती प्रकृती यांच्याशी झगडत, हिंदू स्त्रियांतील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून, ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने पोखरलेल्या देहाने साथ दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या भगिनींसाठी त्यांनी विद्या संपादिली, त्यांना तिचा लाभ मिळाला नाही.

आज आपल्या देशात भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय उत्तीर्ण झाल्यावाचून वैद्यकीय शिक्षणास प्रवेश नाही, आणि रुग्णाच्या हिताच्या दृष्टीने ते योग्यच आहे. आनंदीबाईंची वाट आज जशीच्या तशी कोणास चालता येणार नाही. तथापि आपल्या ज्ञातीतील एखादी मुलगी केवळ पैशाअभावी, लवकर ठरलेल्या विवाहामुळे किंवा वडीलधाऱ्यांच्या नकारामुळे विज्ञानशाखेपासून वंचित राहत असेल, तर ते द्वार नियमांनी नव्हे, आपणच बंद केले असे म्हणावे लागेल. आनंदीबाईंना पहिला आसरा सातासमुद्रापलीकडच्या परक्या बाईने दिला. पुढील आनंदीबाईस तो आपल्याच घरी मिळो, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस प्रार्थना आहे.