देवळालीचे गणितानंद : द. रा. कापरेकर

दुर्गहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने आपल्यापैकी अनेकांनी गावाकडच्या वाऱ्या केल्या आहेत. त्या वाटेवर नाशिक रोडनंतर देवळाली लागते आणि कल्याण ओलांडले की डोंबिवली. या दोन्ही स्थानकांची नावे ज्यांनी गणिताच्या इतिहासात नेऊन ठेवली, त्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे स्मरण सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी करावे, असे आम्हांस वाटते. त्यास एक निमित्तही आहे. रिसालीतील घराघरांत आज मुले संगणकाच्या आज्ञावल्या लिहीत आहेत. खेळातील फासा टाकण्यासाठी किंवा पत्ते पिसण्यासाठी ती संगणकाकडे एक यादृच्छिक, म्हणजे कोणताही नियम नसलेला, अंक मागतात आणि संगणक तो क्षणात देतो. हा अंक येतो कोठून, या प्रश्नाच्या वाटेवर कापरेकर मास्तरांची भेट होते.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून असून त्यांना ज्योतिषाचा छंद होता. दत्तात्रय आठ वर्षांचे असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. शालेय शिक्षण ठाण्यास व पुढील पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिकवीत राहिले आणि उरलेला सारा वेळ अंकांच्या सहवासात घालवीत राहिले. लोक त्यांना 'गणितानंद' म्हणत, ते उगाच नव्हे.

त्यांची कीर्ती ज्या एका संख्येवर उभी आहे, ती ६१७४ होय. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने मांडावे आणि मोठीतून धाकटी वजा करावी. येईल त्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली ते वर्ष, १९५९, घेऊन पाहू. ९९५१ मधून १५९९ गेले की ८३५२ उरतात; ८५३२ मधून २३५८ गेले की ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४च! कोठूनही निघा, अधिकात अधिक सात पायऱ्यांत याच मुक्कामी पोहोचाल. हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत जाहीर केला.

योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेतील एका परिसंवादात जॉन फोन नॉयमन यांनी संगणकाकडून यादृच्छिक वाटणारे अंक काढण्याची युक्ती मांडली. संगणक हा आज्ञाधारक. स्वतःच्या लहरीने तो काहीच करीत नाही. म्हणून त्यास 'बीज' म्हणून एक संख्या द्यावयाची, तिचा वर्ग करावयाचा, मधले चार अंक उचलावयाचे आणि त्यांचा पुन्हा वर्ग करावयाचा. १९५९ पासून निघाले तर ८३७६, १५७३, ४७४३ असे अंक येतात. त्यांत नियम दिसत नाही, पण बीज तेच असेल तर रांगही तीच. शिवाय या वाटेवर खड्डेही आहेत. ३७९२ चा वर्ग १,४३,७९,२६४. त्याचे मधले चार अंक पुन्हा ३७९२! फासा एकदा येथे पडला की तो कायमचा अडकला. कापरेकरांना ६१७४ मध्ये जे रत्न सापडले, तेच यादृच्छिक अंक निर्मिणाऱ्यांच्या दृष्टीने संकट होते.

आकडे जितके अधिक घुसळावे तितका गोंधळ अधिक, हा समज चुकीचा आहे. थोर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी विद्यार्थिदशेत, १९५९ मध्येच, मुद्दाम अतिशय गुंतागुंतीची रीत रचली. ती जवळजवळ लगेच ६०६५०३८४२० या एकाच संख्येवर येऊन थबकली. तात्पर्य, अंकांचा नियम आधी ओळखावा लागतो, मगच बेशिस्तीचा आभास निर्माण करता येतो. आज पायथॉन भाषा यासाठी जी रीत वापरते, ती मात्सुमोतो व निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ मध्ये सिद्ध केली. तिच्या रांगेची पुनरावृत्ती होण्यास लागणाऱ्या पायऱ्यांची संख्या ६००२ अंकी आहे. तरीही ती नियमबद्धच. म्हणून परवलीचे शब्द घडविण्यासाठी तिचा उपयोग न करता निराळी साधने वापरावी लागतात, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

कापरेकरांनी संगणकासाठी काही लिहिले, असा आमचा दावा नाही. अंकांच्या गर्दीत दडलेली शिस्त त्यांनी कागद-पेन्सिलीने शोधली, एवढेच. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जग 'कापरेकर संख्या' म्हणते. डोंबिवली स्थानकावरून त्यांनी 'डेम्लो संख्या' हे नाव दिले. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते; ४७ पासून ५८. परंतु २० सारख्या काही संख्यांना असा जनकच नाही. त्यांना कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटले.

देशातील अनेक विद्वानांनी हे सारे पोरखेळ मानले. मास्तर मात्र पदरमोड करून पुस्तिका छापीत आणि परिषदांना जात राहिले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. १९६६ मध्ये पत्नीचाही वियोग झाला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. मास्तर तेव्हा सत्तरीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पोलादाच्या या नगरीत आपल्या वाडवडिलांनी संसार उभे केले, तेही कौतुकाची वाट न पाहता. पुढील सुटीत गाडी देवळालीस पोहोचेल तेव्हा मुलांच्या हाती कागद द्यावा, मनातील चार अंक लिहावयास सांगावे आणि वजाबाकीस बसवावे. ६१७४ आला की मास्तरांचे नाव सांगावे.