निजाम ते राजप्रमुख : मीर उस्मान अली खान

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. परंतु जालना, अंबड, भोकरदन या भागांतील जुन्या पिढीचे राज्यप्रमुख होते हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी त्यांचे नाव निघते, ते बहुधा रोषानेच. तो रोष अनाठायी आहे असे आम्ही म्हणत नाही.

६ एप्रिल १८८६ रोजी जन्मलेले उस्मान अली १९११ मध्ये गादीवर आले. त्यांचे फर्मान म्हणजेच कायदा होता. मुसी नदीला १९०८ मध्ये आलेल्या महापुराची आठवण ठेवून त्यांनी उस्मानसागर बांधविला, तसेच उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापिले. बहुसंख्य प्रजा मात्र तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी होती!

१९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली. ती १९४६ पर्यंत टिकली. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेला मात्र मोकळे रान मिळाले. लातूरचे वकील कासीम रझवी तिचे अध्यक्ष झाले आणि रझाकारांची दहशत खेडोपाडी पोहोचली.

या एकपक्षीय वर्चस्वाची किंमत खुद्द निजामांनाही मोजावी लागली. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे करार करण्यास त्यांनी संमती दिली. सही मात्र लांबणीवर टाकली. २७ ऑक्टोबरच्या पहाटे शिष्टमंडळ दिल्लीस निघणार, तोच इत्तेहादच्या जमावाने पंतप्रधान छत्रीचे नवाब व इतर सदस्यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ निघू शकले नाही. नवाबांनी पद सोडले, निजामांनी रझवींच्या पसंतीचे नवे शिष्टमंडळ नेमले आणि २९ नोव्हेंबरला जवळजवळ तोच करार झाला! सर्वाधिकारी राजाला आपले दूतही पाठविता येऊ नयेत, ही अवस्था त्यांनीच ओढवून घेतली होती, असे आम्हांस वाटते. तिची झळ मात्र गोरगरीब रयतेला अधिक बसली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. काही दिवसांतच जालना त्यांच्या हाती आले. १७ तारखेला निजामांनी युद्धबंदी जाहीर केली.

२६ जानेवारी १९५० पासून ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. आता फर्मान नव्हते, मंत्र्यांच्या सल्ल्याने चालणारी राज्यघटना होती. १९५२ च्या निवडणुकीनंतर, ज्या काँग्रेसवर पूर्वी बंदी होती तिचेच बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले आणि कारभार राजप्रमुखांच्या नावाने चालू लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची विभागणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, राजप्रमुखपदही संपले.

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. किंग कोठीसमोरील मशिदीच्या आवारात त्यांची कबर आहे.