वि. स. पागे

विठ्ठल सखाराम पागे (२१ जुलै १९१० – १६ मार्च १९९०) हे महाराष्ट्रातील स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेसचे नेते आणि महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. १९६० ते १९७८ अशी जवळजवळ अठरा वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

पागे यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील बागणी येथे झाला. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतला आणि कारावासही भोगला. संतसाहित्याचे अभ्यासक अशीही त्यांची ख्याती होती.

सभापतिपद

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले व त्याच वर्षी पागे परिषदेचे सभापती झाले. नागपूर कराराला अनुसरून राज्याच्या विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरू लागले होते. त्यामुळे मुंबईबरोबरच नागपूरच्या विधान भवनातही परिषदेचे कामकाज त्यांच्या अध्यक्षतेखाली चाले. विदर्भातील रिपब्लिकन नेते रा. सू. गवई हे १९६८ पासून परिषदेचे उपसभापती होते. पागे यांच्यानंतर सभापतिपदही त्यांच्याकडेच आले.

सभापतीने वादविवादात पक्ष घ्यायचा नसतो आणि मतही केवळ समसमान मते पडल्यासच द्यायचे असते. पागे यांच्या कारकिर्दीचे वेगळेपण इथेच आहे. जो कायदा त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला, तो त्यांनी मंत्री म्हणून मांडला नाही की सदस्य म्हणून लढवला नाही. त्याची घडण सभागृहाबाहेर, तासगाव तालुक्यातील गावांत आणि मुख्यमंत्र्यांशी झालेल्या पत्रव्यवहारात झाली.

रोजगार हमी योजना

तोपर्यंतची पद्धत अशी होती की, पीक बुडाले आणि सरकारने टंचाई जाहीर केली की कामे निघत. काम केव्हा व कोठे काढायचे हे सरकार ठरवी. मजुराने वाट पाहायची. शिवाय, चांगल्या पावसाच्या वर्षीही भूमिहीन शेतमजुराला सुगीनंतर कित्येक महिने काम नसे, याची दखल या व्यवस्थेत नव्हतीच. पागे यांनी हा क्रम उलटा केला. काम मागण्याचा अधिकार मजुराचा आणि ते पुरवण्याची जबाबदारी सरकारची, अशी त्यांची मांडणी होती.

१९६५ च्या सुमारास मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे त्यांनी ही कल्पना पाठवली. तासगाव तालुक्यातील विसापूर व आसपासच्या गावांत तिचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना राज्यभर लागू झाली, पण त्याच वर्षी दुष्काळाने महाराष्ट्राला घेरले. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. नवी योजना काही काळ बाजूला पडली. मात्र एवढ्या माणसांना काम देता येते, हे त्या दोन वर्षांत सिद्ध झाले.

खरा प्रश्न पैशाचा होता. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला व त्याचे उत्पन्न योजनेकडे वळवले गेले. इतर काही करांवरील अधिभाराची त्यात भर पडली आणि जमा झालेल्या रकमेइतकीच रक्कम राज्य सरकारने घालायची असे ठरले. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या पैशावर खेड्यातील पाझर तलाव, बांधबंदिस्ती व रस्ते उभे राहू लागले.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास १५ दिवसांत ते द्यावे, न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावा, अशी तरतूद त्यात होती. ही रक्कम त्या काळीही तुटपुंजीच होती. महत्त्व होते ते सरकारवर आलेल्या कायदेशीर बंधनाला. खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीवर व्हावा आणि कंत्राटदार नसावा, हे योजनेचे पायाभूत नियम होते. कामांवर स्त्रियांची संख्या प्रथमपासूनच मोठी राहिली.

२६ जानेवारी १९७९ रोजी कायदा अमलात आला, तेव्हा पागे सभापतिपदावर नव्हते. पुढे योजनेच्या राज्यस्तरीय परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते तिच्याशी जोडलेले राहिले. बोगस हजेरीपट, उशिरा मिळणारी मजुरी आणि अर्धवट सोडलेली कामे याबद्दल योजनेवर सतत टीका होत असे, आणि ती निराधार नव्हती. १९८८ मध्ये मजुरीचे दर शेतमजुरांच्या किमान वेतनाच्या पातळीवर आणण्यात आले.

नंतरचा काळ

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता. मात्र केंद्राची हमी प्रत्येक कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची होती, तर महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात हक्क व्यक्तीचा होता आणि दिवसांना मर्यादा नव्हती.

महाराष्ट्र विधिमंडळ सचिवालयाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्रास वि. स. पागे यांचे नाव देण्यात आले आहे.