हिंगणघाटचा कापूस आणि अमेरिकेचे शेतकरीपुत्र अध्यक्ष

आपल्या हिंगणघाटच्या कापसाचा भाव एकेकाळी अमेरिकेतल्या लढाईने चढवला आणि ती लढाई संपताच पाडला, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? त्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन हे शेतकऱ्याचेच पोर. त्यांची हकिकत म्हणूनच आपल्या कामाची आहे.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात, लाकडी ओंडक्यांच्या एका खोलीच्या घरात ते जन्मले. बापाच्या जमिनीचे कागद पक्के नव्हते. त्या भानगडीला कंटाळून १८१६ साली कुटुंब इंडियाना राज्यात गेले आणि जंगल तोडून शेत काढले. दोन वर्षांनी आई वारली. विषारी झुडूप खाल्लेल्या गाईचे दूध पोटात गेल्याने होणारा तो आजार. पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा. शाळा सगळी मिळून वर्षभरही झाली नाही. मागून आणलेल्या पुस्तकांवरच शिक्षण झाले.

पुढे इलिनॉय राज्यात दुकान टाकले, ते बुडाले आणि डोक्यावर कर्ज चढले. लिंकन गावचे पोस्टमास्तर झाले, जमिनीची मोजणी शिकून मोजणीदारही झाले. कर्जापायी मोजणीचे सामान लिलावात निघाले, तेव्हा एका ओळखीच्या शेतकऱ्याने ते विकत घेऊन त्यांना परत दिले. कर्ज मात्र त्यांनी हळूहळू सगळे फेडले. मग वकिली केली आणि १८६० साली अध्यक्षपदी निवडून आले.

दक्षिणेकडची कापूस पिकवणारी राज्ये गुलामांच्या राबण्यावर चालत. ती फुटून निघाली आणि एप्रिल १८६१ मध्ये लढाई पेटली. लिंकन यांनी त्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची नजर इकडे वळली. हिंगणघाटी कापूस देशी वाणांत नावाजलेला. भाव कडाडले, पऱ्हाटीखालचे रान वाढले. इकडे रेल्वे आली नव्हती, माल बंड्यांनीच जाई. १८६५ साली लढाई मिटली आणि भाव धाडकन खाली आले. तेजी पाहून ज्यांनी हात सैल सोडला, त्यांची काय गत झाली असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

आता त्यांचे दुसरे काम पाहा. लढाई ऐन भरात असताना, १८६२ साली लिंकन यांनी शेतीचे स्वतंत्र खाते काढले, कसणाऱ्याला १६० एकर जमीन देणारा कायदा केला आणि सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर शेतकी महाविद्यालये उभी राहतील अशी तजवीज केली. यातली बरीच जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हेही विसरता येत नाही. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. १४ एप्रिल १८६५ रोजी त्यांना गोळी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्या महाविद्यालयांच्या धर्तीवरच भारतात कृषी विद्यापीठे निघाली. अकोल्याचे आपले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ सालचे. लढाईने दिलेला भाव चार वर्षांत गेला, शेतकी शिक्षणाचे रोपटे मात्र दीडशे वर्षांनंतरही उभे आहे. तेव्हा भावाची तेजी आली तर आधी कर्ज फेडा, जमिनीचे कागद पक्के करा, पोरांना शिकवा. भाव आपल्या हाती नाही; एवढे मात्र आहे.